आमच्या बांयचं गोड पाणी

लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासऱ्यांनी मला सगळ्यात आधी बांय, म्हणजे विहीर, दाखवली. चिऱ्यांनी बांधलेली, दहा फूट रुंद, मे महिन्यातसुद्धा न आटणारी. "पिऊन बघ," म्हणाले. ओंजळीने प्यायले. पाणी खरंच गोड होतं. ते का गोड होतं, हे कळायला मला तेवीस वर्षं लागली.

घराच्या मागच्या उतारावर अकरा खोल्या आहेत. गोव्यातल्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत बाहेरून कामगार यायला लागले तेव्हा सासऱ्यांनी एकेक करून त्या बांधल्या. आज त्यांत अडतीस माणसं राहतात. गदग-कोप्पळकडची पाच कुटुंबं आणि चंदगडची दोन, बाकी खोल्यांत ओडिशाचे एकटे पुरुष. संडास चार. पाण्यासाठी बांयवर पंप, स्लॅबवर काळी टाकी आणि खाली तीन तोट्या. आमच्या स्वतःच्या घराला ओपाच्या सरकारी योजनेच्या पाण्याचा नळ आहे आणि ओट्यावर फिल्टर. म्हणजे "आमच्या बांयचं पाणी गोड" असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगणारे आम्ही ते प्यायचं केव्हाच सोडलं होतं. हे मला कधी खटकलंही नव्हतं.

१८ जुलै २०२४. आषाढीचा दुसरा दिवस, पाऊस धो धो. चौथ्या खोलीतली आक्का पहाटे मागच्या दाराशी आली. कडेवर चार वर्षांचा मुलगा, मान टाकलेली, डोळे आत गेलेले. रात्रभर पाण्यासारखे जुलाब. नवऱ्याने गाडी काढली, फोंड्याच्या इस्पितळात नेलं, सलाईन लागलं, दोन रात्री काढल्या. मूल वाचलं. रविवारपर्यंत खोल्यांतले आणखी सहा जण आडवे झाले होते. मी काय म्हटलं असेन? "बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल." अकरा खोल्यांतल्या सात जणांनी एकाच आठवड्यात बाहेरचं काय खाल्लं असेल, हा प्रश्न मला पडला नाही.

इस्पितळातल्या नर्सबाईंनी आक्काला दोन गोष्टी बजावल्या, त्या इथे लिहून ठेवते. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात एकदम घालायची, पेल्यात थोडी थोडी नाही. आक्का पेल्यातच घालत होती. खारट लागतं म्हणून मूल थुंकत होतं, आणि तितकं दाट पाणी उलट अपाय करतं. दुसरं म्हणजे झिंकच्या गोळ्या जुलाब थांबले तरी चौदा दिवस पूर्ण द्यायच्या.

२३ जुलैला आरोग्य केंद्राचा कर्मचारी आला. आपल्याकडे सगळे त्याला एमपीडब्ल्यूच म्हणतात. त्याने तोटीचं पाणी छोट्या नळीत घेतलं, दोन थेंब टाकले. पाण्यात क्लोरीन असेल तर पिवळं होतं. झालं नाही. मग बांयवर वाकून त्याने विचारलं, "वहिनी, हिच्यात ब्लिचिंग कधी घातलं होतं?" मी सासूबाईंकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे.

त्यानेच पाणी तपासून घ्यायला सुचवलं. मी शहाणी, धुतलेल्या सरबताच्या बाटलीत पाणी भरून बसने पणजीला एका खासगी प्रयोगशाळेत घेऊन गेले. त्यांनी ते घेतलंच नाही. जंतूंची तपासणी करायची तर बाटली त्यांच्याकडूनच न्यावी लागते, निर्जंतुक केलेली. ती विसळायची नाही, तोंडाला बोट लावायचं नाही, तोटी आधी लायटरने जाळून घ्यायची, पाणी मिनिटभर सोडून द्यायचं, मग भरायचं, काठोकाठ नाही. बर्फात ठेवून सहा तासांच्या आत पोचवायची. मी नंतर बरफीच्या डब्यात बर्फ भरून नेली. रासायनिक आणि जंतूंची, दोन्ही मिळून २,१०० रुपये गेले, आणि बसच्या दोन फेऱ्या.

सहा दिवसांनी अहवाल आला. पीएच ५.९, मानक ६.५ ते ८.५. चिऱ्याच्या जमिनीतलं पाणी थोडं आंबटच असतं म्हणे. टीडीएस फक्त ८४. नायट्रेट ३१, मर्यादा ४५. आणि खालच्या ओळीत, कोलिफॉर्म १०० मिलिलिटरमध्ये १,६०० पेक्षा जास्त. ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतले जंतू, आढळले. पिण्याच्या पाण्यात हे दोन्ही शून्य हवेत.

टीडीएस कमी म्हणजे क्षार कमी, म्हणून आमचं पाणी गोड. जंतूंना चव नसते. आरओ विकणारा एक मुलगा मागे आमच्याकडे येऊन पेनासारखं यंत्र पाण्यात बुडवून "मॅडम, पाणी एक नंबर" म्हणाला होता, तेही खरंच होतं. ते पेन क्षार मोजतं. संडासाचं पाणी त्यात दिसत नाही.

सासूबाईंचं म्हणणं एकच. "आमी जल्मभर पियेलें, आमकां किदें जालें?" मी विचारलं, मागचे संडास कधी बांधले? त्या बोटांवर मोजत राहिल्या. नणंदेच्या लग्नाच्या वर्षी, म्हणजे १९९८. आणि आपल्या घरात नळ कधी आला? त्याच्या आदल्या वर्षी. मग त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी मीच टेप घेऊन मागे गेले. संडासाच्या शोषखड्ड्यापासून बांयपर्यंत सात मीटर. निदान पंधरा तरी हवेत, असं एमपीडब्ल्यू म्हणाला होता. त्यात खड्डा वरच्या अंगाला, बांय खालच्या, आणि मधली जमीन चिऱ्याची. चिरा कापताना ज्याने बघितलाय त्याला ठाऊक असेल, आत स्पंजासारखी भोकं असतात. पावसात वरून जे खड्ड्यात जायचं ते थेट बांयत झिरपत होतं.

ऑगस्टभर आम्ही ब्लिचिंग पावडर घातली. हिशेब असा. बांयचा व्यास गुणिले व्यास, गुणिले पाण्याची खोली, गुणिले ०.७८५, सगळं मीटरमध्ये. आमचं आलं जवळपास २५ घनमीटर, म्हणजे २५ हजार लिटर. हजार लिटरला चांगली पावडर अडीच ग्रॅम, म्हणजे ६२ ग्रॅम. पण आमचं पाणी घाण, तेवढी पावडर घातल्यावर तासाभराने थेंब टाकले तर रंगच येईना. दुपटीवर आला. पावडर बादलीत कालवायची, चुना दहा मिनिटं खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती बादली दोराने बांयत बुडवून वर-खाली हलवायची. मग तासभर पंप लावायचा नाही. उघडी पिशवी महिन्याभरात मेलेली असते, वासच राहत नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात, अंधारात ठेवा.

यात एक गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. वास आला म्हणून खोल्यांतल्या बायका पाणी प्यायच्या थांबल्या आणि खालच्या कुळागरातल्या, म्हणजे सुपारीच्या बागेतल्या, झरीचं पाणी आणू लागल्या. भर पावसात, जिथे वरच्या दोन वाड्यांचं सगळं वाहून येतं तिथलं. मला चार दिवसांनी कळलं. मी समजावायला गेले तर सगळ्या माना डोलवायच्या आणि कळश्या घेऊन झरीकडे. शेवटी आक्काने आपल्या कानडीत त्यांना काहीतरी सांगितलं. नंतर विचारलं तेव्हा म्हणाली, "मी सांगितलं, इस्पितळातल्या नळालापण असाच वास होता." त्यापुढे माझी सगळी माहिती फिकी. मग आम्ही पावडर रात्री घालायला लागलो, सकाळपर्यंत वास बराच उतरायचा.

गणपती झाले आणि सप्टेंबरमध्ये कुटबण जेटीच्या बातम्या यायला लागल्या. ट्रॉलरवरचे कामगार, कॉलरा, काही जण दगावले. जेटीवर संडासांची आणि पाण्याची काय अवस्था होती ते सगळ्यांनी वाचलं. त्यानंतर सगळीकडेच तपासण्या सुरू झाल्या. २० सप्टेंबरला आमच्या दारात नोटीस. शोषखड्डा हलवा, पिण्याच्या पाण्याची सोय करा, एकवीस दिवसांत उत्तर द्या. मला राग आला. दोन महिने ब्लिचिंग घालतेय, अहवाल स्वतःच्या पैशाने आणलाय, आणि नोटीस मला? दोन दिवस धुसफुसले. मग उत्तर लिहायला बसले तर लिहिण्यासारखं काही सापडेना. प्रत्येक शब्द खरा होता. भाडं आम्ही दर महिन्याच्या पाच तारखेला न चुकता घेत होतो.

नळासाठी अर्ज करायचा ठरला. मला वाटलं होतं, हे सोपं असेल. ऑगस्ट २०२२ मध्ये गोवा 'हर घर जल' म्हणून प्रमाणित झालेलं पहिलं राज्य ठरलं, ग्रामीण भागात घरोघरी नळ. आमचं घरही त्यात मोजलेलं. पण घर म्हणजे पंचायतीचा घर क्रमांक. आमच्या क्रमांकावर एक नळ आहे, तो माझ्या ओट्यावर. मागच्या अकरा खोल्या त्याच क्रमांकाच्या पोटात. कागदावर त्यांना पाणी मिळालेलंच होतं.

७ ऑक्टोबरला पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात अर्ज दिला. सोबत जमिनीचा एक-चौदाचा उतारा, घरपट्टीची पावती, पंचायतीचा ना-हरकत दाखला, परवानाधारक प्लंबरची सही आणि आरोग्याधिकाऱ्याचा दाखला. हा शेवटचा सगळ्यात लवकर मिळाला, कारण नोटीस त्यांचीच होती. नोटिशीची प्रत मी प्रत्येक टेबलावर पुढे करत होते. जिचा इतका राग आला होता तीच उपयोगी पडली. तुमच्यावर अशी वेळ आली तर नोटीस लपवू नका, तिच्या पाच झेरॉक्स काढा.

अडलं ते भलतीकडेच. घरपट्टी सासऱ्यांच्या नावावर, ते जाऊन पाच वर्षं झालेली. कार्यालयाने सगळ्या वारसांची संमती मागितली. आपल्या गोव्याच्या कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, म्हणून सासूबाई, माझे यजमान, मी, नणंद आणि नणंदेचे यजमान अशा पाच सह्या. नणंदेचे यजमान बोटीवर. बोट तेव्हा ब्राझीलजवळ कुठेतरी. व्हॉट्सॲपवरची सही चालत नाही. ते ३ डिसेंबरला सुट्टीवर आले, तोवर फाईल कपाटात. वारसा हक्काचं काम "पुढच्या वर्षी बघू" म्हणत आम्ही पाच वर्षं ढकललं होतं, त्याची ही शिक्षा. घरात कोणी गेलं असेल तर हे काम वर्षश्राद्धाच्या आत उरकून टाका.

मधे आणखी एक वाद झाला. भाड्याच्या खोल्या म्हणजे घरगुती दर की व्यावसायिक? एका टेबलावर एक उत्तर, शेजारच्या टेबलावर दुसरं. मी तीनदा जाऊन आले. चौथ्यांदा दहा रुपयांचा स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाकला, माझ्या फाईलवर कोणत्या तारखेला काय शेरा आहे एवढंच विचारणारा. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. अठराव्या दिवशी घरगुती दराने मंजुरीचा फोन आला. भांडण झालं नाही, आवाज चढला नाही. ज्या बाबूने मला तीनदा परत पाठवलं त्यानेच नंतर रस्ता खोदायच्या परवानगीचा अर्ज कसा लिहायचा ते दाखवलं.

अनामत, मीटर, रस्ता खोदाई पूर्ववत करण्याचे पैसे, पाईप आणि प्लंबर मिळून ३१,४०० रुपये. शोषखड्ड्याला त्याच्या कितीतरी पट. बांयच्या खालच्या अंगाला, टेपने मोजून २१ मीटरवर, नवी टाकी आणि खड्डा, १ लाख ४५ हजार. सोसायटीतली ठेव मोडली. जुनी टाकी उपसायला सक्शनची गाडी दोनदा आली. शेजारच्या एकाने "दोन माणसं देतो, खाली उतरून साफ करतील, स्वस्तात" असं सुचवलं होतं. नका करू. आतल्या वायूने माणूस क्षणात जातो, आणि सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हाच आहे.

१२ फेब्रुवारी २०२५ ला नळाला पाणी आलं. सकाळी सव्वासहाला, अडीच तास. आधी फुसफुस, मग तांबूस, मग स्वच्छ. बायकांनी नळाला हळद-कुंकू लावलं. माणशी ५५ लिटर धरले तर अडतीस माणसांना दिवसाला २,०९० लिटर लागतात, म्हणून पिण्या-स्वयंपाकासाठी हजार लिटरची वेगळी पांढरी टाकी घेतली. कपडे, संडास, आंघोळीला बांयचंच पाणी. दोन्हींच्या तोट्या एकमेकींपासून दूर आणि नळाच्या पाण्याची तोटी निळी. प्लंबरने विचारलं, "लायनीवर थेट पंप बसवूया? प्रेशर येतलें." मीही मोहात पडले होते. पण आमच्या वाड्यावर पाईप गटारातून गेलाय. पाणी बंद असतं तेव्हा पाईपच्या आत ओढ तयार होते आणि सांध्यातल्या फटीतून गटार आत येतं. पंपाने ती ओढ आणखी वाढते. आम्ही जमिनीलगत टाकी केली, तिच्यात पाणी आपोआप पडतं आणि तिथून पंपाने वर जातं. आणि रोजचं पहिलं पाच मिनिटांचं पाणी झाडांना.

इथे गोष्ट संपली असं मला वाटलं होतं.

मार्चमध्ये मी काळ्या कुप्या आणल्या. म्हणजे कुप्या साध्याच असतात, आत औषध लावलेली पट्टी. खुणेपर्यंत पाणी भरून दीड-दोन दिवस घरातल्या उबेत ठेवायची. काळी झाली तर पाणी दूषित. मला एक चाळीस रुपयांना पडली. निळ्या तोटीची कुपी दोन दिवसांनी जशीच्या तशी. टाकीची तशीच. सहज म्हणून पाच खोल्यांतल्या पिण्याच्या भांड्यांतलं पाणी घेतलं. तीन काळ्या. त्यातली एक आक्काच्या खोलीतली.

नळ तोच, टाकी तीच. मी दिवसभर तिच्या दाराशी बसून फक्त बघत राहिले. पाणी भरलं प्लास्टिकच्या रुंद बादलीत. झाकण नाही, वर ताट. मोठा मुलगा शाळेतून आला, ताट सरकवलं, पेला बुडवला, बोटं मनगटापर्यंत आत. धाकटा संडासातून आला, तोही तसाच. आक्का स्वतः मात्र लांब दांड्याच्या ओगराळ्याने घेत होती. ओगराळं खुंटीला फार वर टांगलेलं. मुलांचा हात पोचत नव्हता.

खुंटी खाली आणली. खोटं वाटेल, पण पुढच्या वेळी तिची कुपी काळी झाली नाही. बाकीच्यांसाठी तोटीवाले वीस लिटरचे डबे घेतले, नग ३२०, अर्धे पैसे मी आणि अर्धे भाड्यात चार हप्त्यांत. फुकट द्यावेत असं नणंदेचं मत होतं. मला तसं वाटलं नाही. फुकटचा डबा कपडे भिजवायला जातो, हे आक्काचंच म्हणणं.

साबणाचं प्रकरण वेगळंच. संडासांसमोर बेसिन बसवलं, त्यावर साबण ठेवला. संध्याकाळपर्यंत गायब. दुसराही गायब. कांद्याच्या जाळीत घालून बांधला तर जाळीसकट. शेवटी चंदगडच्या वहिनींनी रिकाम्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडलं, पाण्यात मूठभर धुण्याची पावडर विरघळवून भरली आणि तारेने नळाला टांगली. साबणाचं पाणी कोण चोरणार? महिन्याला पन्नास रुपयेही लागत नाहीत. ओडिशाची मुलं सुरुवातीला हसली, आता बाटली संपली की तीच हाक मारतात.

एप्रिलच्या शेवटी बांय उपसली. तळाशी तीन कळश्या, सासऱ्यांचा एक चष्मा आणि अर्धा फूट गाळ. त्या वर्षी पाऊस मेच्या शेवटच्या आठवड्यातच आला. जूनमध्ये बांयचं पाणी पुन्हा प्रयोगशाळेत दिलं, या वेळी बाटली त्यांची. कोलिफॉर्म १,६०० वरून ३३. बरंच उतरलं, पण शून्य नाही. जमिनीत मुरलेलं निघायला किती पावसाळे लागतात कोण जाणे. सासूबाईंनी आकडा ऐकला आणि विचारलं, "देवाला चलता मगो?" देवाला चालतं. रोज सकाळी एक तांब्या तिथूनच येतो. तीर्थ मात्र आता नळाच्या पाण्याचं, हे त्यांनी आपण होऊन सुरू केलं.

टाकी दर तीन महिन्यांनी धुतो, तारीख तिच्यावरच रंगाने लिहितो. क्लोरीन तपासायचे थेंब आक्काचा मोठा मुलगा टाकतो, आठवड्यातून दोनदा, आणि रंग बघून भिंतीवर खडूने आकडा लिहितो. तोटीला क्लोरीन लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम हवं. गेल्या मंगळवारी त्याने ० लिहिलं आणि शेजारी माझ्यासाठी मोठा बाण काढला. मी कार्यालयात फोन केला, कुणी उचलला नाही. टाकीत क्लोरीनच्या गोळ्या टाकल्या, सगळ्या खोल्यांत पाणी उकळून प्यायचा निरोप दिला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन लावला.